आधी गळ, मग नमस्कार

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे. पुस्तकात मला नावेचा नांगर म्हणतात. पण आमच्या लोहा तालुक्यात नांगर म्हटलं की माणसं बैल शोधायला लागतात, म्हणून मी आपला गळच बरा. सिमेंट भरलेला लोखंडी पाइप, त्याला खाली चार वाकड्या नख्या आणि वर दोर बांधायची कडी, एवढंच माझं रूप. मला देखणा असं कुणी कधी म्हटलं नाही आणि मीही ते मनाला लावून घेतलं नाही. पण भर धरणात इंजिन बंद पडलेली एक नाव मी एकट्यानं धरून ठेवली होती! ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझी सुरुवात भूकंपातली. लातूरकडची गावं एका पहाटे जमीनदोस्त झाली आणि वाचलेल्या माणसांसाठी माळावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. त्यातल्या एका शेडीचा मी खांब होतो. एका बाईनं माझ्या अंगाला झोळी बांधून त्यात आपलं तान्हं निजवलं होतं. वारा सुटला की वरचे पत्रे उडायला बघायचे आणि मी पाय रोवून उभा राहायचो. पुढं माणसांना पक्की घरं मिळाली, शेडी मोडल्या, आणि मी भंगारात जाऊन पडलो.

तिथून मला उचललं ते चांदपाशांनी. हे आमच्या नव्या गावचे वेल्डर. भूकंपानंतर त्या शेडी जोडायलाही तेच गेले होते, त्यामुळं माझी त्यांची जुनी ओळख. नवं गाव म्हणजे धरणाच्या काठावर वसवलेलं गाव. जुनं गाव धरणाच्या पोटात गेलं. चांदपाशांनी मला कापलं, आत सिमेंट ठासलं, सळया तापवून नख्या वळवल्या आणि अर्जुनरावांच्या नावेत आणून ठेवलं. "अर्जुनराव, ह्याला नावंत ठिवा. वखताला कामी येतो," एवढंच ते म्हणाले.

अर्जुनराव नाव चालवायचे. लोखंडी पत्र्याची नाव आणि तिला विहिरीवरच्या पंपाचं डिझेल इंजिन. हँडल मारलं की ते असं फटफटायचं की काठावरच्या म्हशी कान टवकारायच्या. पलीकडं फाटा होता. तिथून लोह्याची आणि नांदेडची एसटी मिळायची. रस्त्यानं जायचं तर सगळ्या धरणाला वळसा पडे, म्हणून बाजाराला निघालेली बाई असो, दुधवाला असो की कॉलेजचं पोर असो, सगळी अर्जुनरावांच्या नावेत.

मला मात्र तिथं कुणी विचारत नव्हतं. माझ्यावर पोती टाकली जायची, मला शेळ्या बांधल्या जायच्या. "ह्ये काय समिंदर हाय का, गळ टाकायला?" म्हणून अर्जुनराव हसायचे. गावात कुणाची बादली विहिरीत पडली की तेवढी माझी आठवण व्हायची. मग मला खांद्यावर टाकून न्यायचे, मी बादली शोधून द्यायचो, आणि घरातली लेकरं टाळ्या वाजवायची. भूकंपात छप्पर सावरलेला मी, आता बादल्या काढत होतो. दिवस कुणाचे सारखे राहतात?

आता आमच्या नावेची एक रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. नाव धरणाच्या मध्यावर, जुन्या गावावर आली की अर्जुनराव इंजिन बंद करायचे. ज्या मातीत आपली नाळ पुरली तिच्या डोक्यावरून फटफट करत जायचं नाही, असं सगळ्यांचंच मत होतं. नाव शांत झाली की माणसं बुडालेल्या महादेवाच्या देवळाच्या बाजूला सरकायची, वाकून पाण्यात बघायची आणि हात जोडायची. चांदपाशांच्या वडिलांची कबर तिथंच खाली होती. ते दोन्ही तळवे उघडून मनातल्या मनात दुवा मागायचे. मग पुन्हा हँडल, पुन्हा फटफट. रीत चांगलीच होती हो! फक्त सगळे एकदम एका बाजूला झुकायचे आणि मला खाली सोडायचं कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

तो मे महिना होता. लातूरच्या गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या लागल्याचा तो काळ. चांदपाशांची मुलगी जेबा तिथं रेणापूरच्या आणि शिरूर अनंतपाळच्या मुलींबरोबर खोली करून राहत होती. दोन वर्षं तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं नव्हतं. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला होती. अम्मीला भेटून जावं म्हणून पोरगी घरी आली होती, आणि आता बापलेक दुपारच्या नावेनं निघाले होते. संध्याकाळची शेवटची एसटी धरायची, रात्री नांदेडला फुप्पीकडं, म्हणजे आत्याकडं, मुक्काम आणि सकाळी पेपर, असा बेत होता. ती एसटी चुकली तर सगळंच चुकणार होतं.

नावेत आणखी दोघं होते. एक सरजाबाई, लेकीकडं निघालेल्या, अंगानं चांगल्या भरभक्कम. दुसरा माउली, दुधाच्या कॅनी घेऊन फाट्यावरच्या डेअरीच्या टेम्पोला गाठणारा तरुण.

जुन्या गावावर आलो. उन्हाळ्यानं पाणी इतकं उतरलं होतं की देवळाच्या पडक्या भिंतींचे दगड वर डोकावत होते. मग काय, इंजिन बंद व्हायच्या आधीच सगळे वाकले आणि नाव पार कलली. इंजिनाच्या टाकीत डिझेल तळाला गेलेलं. नाव कलली तसं डिझेल एका कोपऱ्यात गेलं आणि नळीनं डिझेलऐवजी हवा गिळली. इंजिनाच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर त्याच्या खोडी मला पाठ होत्या. मी ती उचकी ऐकली. अर्जुनरावांनी नेहमीप्रमाणं इंजिन बंद केलं, हात जोडले, आणि मग हँडल मारलं.

फुस्स!

पुन्हा हँडल. पुन्हा फुस्स. आणि नेमकं त्याच वेळी पश्चिमेकडून काळंभोर आभाळ वर आलं आणि वळवाचा वारा सुटला.

मित्रांनो, धरणाचं पाणी शांत दिसतं ना? त्याच्यावर कधी विसंबू नका. बघता बघता लाटा उठल्या आणि नाव सरकायला लागली, थेट त्या देवळाच्या दगडांकडं. आमच्या नावेचा पत्रा काही रणगाड्याचा नव्हता. एका धारदार दगडावर आपटली असती तर उभी फाटली असती.

माउली उभाच राहिला. "म्या उडी मारतो! पव्हत जाऊन नाव वडतो काठाला!"

नाव अशी डुलली की सरजाबाई ओरडल्या, "आगं माय गं!"

"खाली बस!" चांदपाशा गरजले. "खाली बस म्हन्लं ना माउली! ह्या लाटंत तू काय वडतो? नाव सोडायची न्हाई कुनी. समदे मधी या, तळाला बसा."

सगळे तळाला बसले. अर्जुनराव मात्र हँडलला भिडलेले. घामानं निथळत होते, दात खात होते. "येकच डाव! आत्ता चालू होतंय! पोरीची यष्टी चुकंल ना!"

जेबा कधी पलीकडच्या काठाकडं बघत होती, कधी दगडांकडं. दोन वर्षांचा अभ्यास तिकडं, फाट्यावर उभा होता. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण तीच म्हणाली, "काका, आधी गळ टाका. इंजिन मागून बघू."

अर्जुनराव ऐकेनात. तेव्हा चांदपाशांनी त्यांचा हात धरला. "अर्जुनराव, हँडल सोडा. परीक्षा पुढल्या सालीबी येती. पोर येत न्हाई."

बापानंच असं म्हटल्यावर अर्जुनरावांचं सगळं अवसान गळालं. त्यांनी हँडल सोडलं आणि पोत्यांखालून मला ओढून काढलं. माझा आनंद काय सांगू! इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती!

"दोरात पाय न्हाई ना कुनाचा?" असं विचारून, बसल्या बसल्याच, त्यांनी मला पुढच्या टोकावरून पाण्यात सोडलं.

मी सरसर खाली निघालो. माझ्या मागं दोर सरसर निघाला. आणि तेवढ्यात वर जेबा किंचाळली, "काका! दोराचं टोक बांधलेलंच नाही!"

खरंच नव्हतं! आदल्या हप्त्यात माउलीनं मला बादली काढायला नेलं होतं, तेव्हा दोर नावेच्या कडीतून सोडवला होता; आणून ठेवताना नुसती गुंडाळी करून फेकली होती. ती गुंडाळी आता भराभर संपत चालली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी तळाला, नाव दगडावर, आणि पुढची गोष्ट सांगायलाच नको.

त्या वेळी कुणी विचार केला नाही. सरजाबाई तशाच सरकल्या आणि पळत्या दोरावर आपल्या सगळ्या वजनानिशी बसल्या. दोर जागच्या जागी थांबला! "न्या आता!" त्या ओरडल्या. "बघते ना कोन नेतं दोर माझ्याखालून!"

जेबानं टोक पकडलं, पुढच्या कडीतून ओवलं आणि करकचून गाठ मारली. वेल्डिंगच्या दुकानात वाढलेली पोरगी ती, गाठी तिला शिकवाव्या लागत नाहीत. गाठ बसल्यावरच सरजाबाईंनी बूड हलवलं.

"दोर लांब सोड पोरी," अर्जुनराव आता भानावर आले होते. "आखूड धरला तर गळ उचलंल. लांब दोरावर तो लोळतो आन् धरतो."

वर हे चाललं होतं आणि खाली मी जुन्या गावात उतरलो होतो. हिरव्या अंधुक उजेडात मला बिनछपराची घरं दिसली, एक उंबरठा दिसला, लिंबाचं खोड दिसलं. पण बघत बसायला सवड कुणाला? गाळ इतका मऊ की माझ्या नख्या लोण्यातून जाव्यात तशा सरकत होत्या. दोराला हिसका बसला की मी फरफटत पुढं. गल्लीतून फरफटलो, पडक्या भिंतीवर आपटलो, नखी घसरली. वर माउली ओरडत होता, "दगड आले! दगड आले!" पाण्यातून तो आवाज मला स्पष्ट आला. मी घाबरलो, हो! लोखंडाला भीती वाटत नाही असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका.

आणि मग माझी एक नखी कशात तरी खटकन अडकली. गावचा आड होता तो. त्याच्या दगडी काठाच्या फटीत माझी नखी रुतली. दोर ताणला, माझ्या अंगातली सगळी जोडकामं कुरकुरली, आणि मी धरलं! नावेचं तोंड गर्रकन वाऱ्याकडं फिरलं. आता लाटा कुशीवर न आदळता नाकावर फुटायला लागल्या. मागच्या बाजूला दगड हाताच्या अंतरावर होते, पण नाव तसूभरही हलत नव्हती.

"धरलं!" चांदपाशांचा आवाज आला. "धरलं माझ्या गळानं!"

पुढचं वरचं मी काही दोरातून ऐकलं, काही मागाहून कळलं. पाऊस कोसळायला लागला. विजा चमकायला लागल्या. नावेत ट्रॅक्टरच्या दोनच ट्यूबा होत्या. त्या सरजाबाईंच्या आणि जेबाच्या अंगात घातल्या. माउलीनं आपल्या कॅनींकडं एकदा बघितलं, आणि एकेक कॅन पाण्यात ओतून झाकण घट्ट बसवलं. रिकामा कॅन माणसाला तरंगत ठेवतो. एकेक कॅन एकेका पुरुषाच्या मिठीत गेला, आणि उरलेल्यात जेबाचं हॉलतिकीट आणि कोरडे कपडे.

सरजाबाई दुधाची पांढरी धार बघत म्हणाल्या, "चला, लई सालांनी जुन्या गावच्या म्हादेवाला अभिषेक झाला."

आणि काय सांगू, त्या तसल्या पावसात सगळे हसायला लागले! माउलीही हसला. मग म्हणाला, "दोराचं माझंच चुकलं. म्याच सोडला हुता."

"ते मागून बघू तुझ्याकडं," अर्जुनराव म्हणाले. "आधी कॅन धर नीट."

वळीव जसा आला तसा गेला. विजा लांब सरकल्या तेव्हा जेबानं आपली भगवी ओढणी वल्ह्याला बांधून हलवायला सुरुवात केली, काठावरच्या कुणाला तरी दिसावी म्हणून. इकडं अर्जुनराव आणि चांदपाशा इंजिनाकडं वळले. आता घाई नव्हती, म्हणून डोकं चालत होतं. टाकी बघितली, तेव्हा उलगडा झाला. जादा डिझेलचा डबा त्यांनी टाकीत ओतला. अडकलेली हवा काढायला नळीचा नट सैल केला. आधी नुसते बुडबुडे आले, मग बुडबुडे आणि डिझेल, मग स्वच्छ धार. नट आवळला.

"मारा हँडल!"

फट्... फट्... फट् फट् फट् फट्! मित्रांनो, त्या इंजिनाचा मला जन्मभर वैताग होता. त्या दिवशी मात्र त्याच्याइतकं गोड गाणं मी ऐकलं नाही.

आता मला वर ओढायचं आणि निघायचं. अर्जुनरावांनी दोर ओढला. मी हललो नाही. माउलीनं जोर लावला. मी हललो नाही. नाव माझ्या पलीकडं नेऊन उलट बाजूनं ओढून बघितलं. मी हटून बसलो नव्हतो हो, मला सुटायचंच होतं! पण आडाच्या दगडानं माझी नखी पार पकडून ठेवली होती. इंजिनाच्या जोरावर ओढावं तर नावेचं नाक खाली दबून पाणी आत येत होतं. आणि आभाळात दुसरा ढग जमत होता.

जेबा नुसती काठाकडं बघत होती.

"पाशाभाई," अर्जुनराव अडखळत म्हणाले, "दोर कापावा लागतो. पन तुमच्या हातचा गळ हाय..."

"आना चाकू," चांदपाशा म्हणाले.

ते पुढच्या टोकाशी आले. त्यांनी दोरावर हात ठेवला, आणि तो हात मला इथं खाली, थेट अंगावर ठेवल्यासारखा जाणवला. "बस रे बाबा तितंच," ते हळू आवाजात म्हणाले. "लई काम केलंस तू. माझी पोर राखलीस." सगळ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ही एवढीच. मग दोर सैल पडला.

फटफट लांब लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली. मी आडाच्या काठावर राहिलो. मला सोडून गेले याचं दुःख झालं का? झालं. खोटं कशाला सांगू? पण त्याहून मोठी हुरहुर दुसरीच होती. पोरीला एसटी मिळाली का? सांगणार कोण? मासे येत, माझ्या नख्यांतून खेळत. त्यांना एसटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस वरून काहीतरी धप्पकन माझ्या शेजारी येऊन पडलं. बघतो तर चकचकीत नवा गळ! चांदपाशांच्याच हातचा, माझा धाकटा भाऊ. भलता बडबड्या. मी पहिला प्रश्न तोच केला.

"एसटी? ती तर केव्हाच निघून गेली होती," तो म्हणाला, आणि माझं काळीजच तुटलं. "पण डेअरीच्या टेम्पोवाल्यानं ओढणी बघितली होती. तो थांबला. माउलीनं त्याला हातापाया पडून नांदेडपर्यंत पिटाळला. जेबा रात्री कॅनींमध्ये बसून गेली, आणि सकाळी पेपर लिहिला. वर्गात सगळे नाक मुरडत होते म्हणे, कुठून दुधाचा वास येतो म्हणून!"

"आणि निकाल?"

"लागला. डॉक्टर होतेय ती."

मी इतका हललो की आडाकाठचा गाळ उठला!

मित्रांनो, मला काढायला कुणी येऊ नका. माझं इथं बरं चाललं आहे. एकच मागणं आहे. नावेत पाय ठेवाल तेव्हा आधी गळ कुठं आहे ते बघा, त्याच्यावर पोती टाकू नका, आणि त्याच्या दोराचं टोक नावेला बांधलेलं आहे का ते स्वतः ओढून बघा. इंजिन बंद पडलं तर आधी गळ सोडा, खाली बसा, नाव सोडू नका; हँडल नंतर मारता येतं. ज्या वस्तूची गरज रोज पडत नाही तिलाही अधूनमधून हात लावत जा. तिलाही बरं वाटतं.

जुन्या गावावर नाव अजून थांबते. रीत कुणी मोडली नाही, फक्त थोडी सुधारली. सगळे एका बाजूला झुकत नाहीत, जागच्या जागी बसून हात जोडतात. सरजाबाई सगळ्यांना दटावतात, "थांबा, आधी गळ पडू द्या. देव कुठं पळून चाललाय व्हय?" मग नवा गळ खाली येतो, इंजिन थांबतं, आणि वर सगळ्यांचे हात जुळतात. त्यातला एखादा नमस्कार माझ्यासाठीही असतो, असं नवा गळ सांगतो. तो तसा थापाड्या आहे. पण एवढी एक गोष्ट मी खरी मानतो.